मराठीतलं हवामान

आमच्या घरी चहाला आधण यावं आणि दारात नानागुरुजी उभे राहावेत, की तो चहा गेला असं खुशाल समजावं. नाना तडक चुलीपर्यंत येत, गार पाण्याने भरलेला तांब्या वाफेवर धरत आणि बुडाशी थेंब जमेपर्यंत कुणाला पातेल्याला हात लावू देत नसत. "हा पाहा ढग! वाफ वर गेली, गार झाली, धुळीच्या कणाला चिकटली. भूगोल आहे हा, गंमत नाही!" तोवर चहा उतू जाऊन चूल विझलेली असे.

मी त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. बुऱ्हाणपुरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. उरलेल्या निम्म्यांना निवृत्तीनंतर रस्त्यात गाठून शिकवत. एकदा न्हाव्याच्या दुकानात त्यांनी ढगांचे प्रकार काढले. न्हावी वस्तरा हातात धरून ऐकत बसला आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी कचेरीत गेलं. ते गिऱ्हाईक मी होतो.

त्यात मी रेडिओ घेतला. गल्लीतला पहिला. चूक माझीच, मान्य आहे. रोज संध्याकाळी नाना येऊन खुर्ची ओढत आणि रेडिओचा कान पिळत. नागपूर आमच्या राज्यात होतं तोवर मराठी बातम्यांतच आमचं हवामान येई. मग राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आता मराठीतलं हवामान तिकडच्यांचं आणि आमचं हिंदीत. पण राज्य बदललं म्हणून कानाची सवय थोडीच बदलते! सगळी गल्ली मराठी अंदाज ऐकून गाद्या उन्हात टाकी आणि ओल्या उचलून आणी.

"नाना, हे खानदेशचं सांगताहेत," मी म्हणे. "आपलं हिंदीत येतं."

"ढगाला सरहद्द कळते का रे, वसंता?" असं म्हणून हिंदी बातम्या लागायच्या आत ते रेडिओ बंद करत. भूगोलाच्या मास्तराला एवढं कळू नये, याचा मला मनस्वी संताप येई.

आखाजीला तीन दिवस राहिले होते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, झोके घेतात. आदल्या संध्याकाळी नाना माझ्या घरातून "कोरडं! बिलकुल कोरडं!" असं ओरडतच बाहेर पडले होते. त्या भरवशावर बायकोने शेजारणी गोळा करून गच्चीभर उडदाचे पापड घातले. तीन वाजता वारा सुटला आणि बायका जिन्यापर्यंत पोचायच्या आत पाऊस कोसळला.

"तुमच्या गुरुजीले जाऊन सांगा," बायको कडाडली, "पापड आता त्या तांब्यावर वाळवून द्या म्हना!"

आज सोडायचं नाही, असं ठरवून मी तसाच भिजत निघालो. पाहतो तर नाना अंगणात स्टुलावर उभे. धोतर चिंब, आणि कडुलिंबाच्या फांदीला झोक्याचा दोर बांधताहेत.

"नाना, अहो पाऊस पडतोय!"

"इथे पडू दे. तिकडे कोरडं आहे ना?"

मग कळलं. त्यांची एकुलती एक लेक इंदू खानदेशात रावेरच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली. बायको गेल्यापासून घरात नाना एकटेच. गेली दोन वर्षं आखाजीला इंदूच्या सासरहून एकच निरोप येत होता: आभाळ आलंय, गहू खळ्यावर उघडा आहे, सून पाठवता येत नाही. म्हणून चैत्रापासून हा माणूस माझ्या रेडिओत खानदेशचं आभाळ शोधत होता.

"कोरडं असलं की पाठवतील रे," नाना म्हणाले. माझा राग होता तिथेच राहिला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मोटारस्टँडवर गेलो. रेडिओने खानदेश कोरडंच सांगितलं होतं. रावेरची मोटार आली. तिच्या टपावर धुळीचा थर होता. इंदू उतरली नाही. तिच्या गावचा एक माणूस उतरला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "गुरुजी, व्याह्यांनी निरोप देला. आभाळ आलं म्हने तिकडं. खळं उघडं हाय. औंदा बी जमत नही."

बोलता बोलता तो उपरण्याने तोंडावरची धूळ पुसत होता. कुठलं आभाळ, असं मी विचारणारच होतो, तेवढ्यात नानांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांनी टपाकडे एकवार पाहिलं, त्या माणसाला "बरं, ठीक आहे" म्हटलं आणि ते वळले.

"रेडिओचं काही खरं नाही, वसंता."

"नाही, नाना. काहीच खरं नाही."

परतताना त्यांनी मला समजावून सांगितलं, की जमीन एखाद्याच ठिकाणी जास्त तापते, तेवढीच हवा वर चढते आणि मग एका खळ्यापुरताही ढग येऊ शकतो. दोन वेळा सांगितलं.

"येतो ढग, नाना," मी म्हणालो. "नक्की येतो."