अण्णांचा सर्व्हर

गोविंदअण्णा भेटले की "बरे आहात का" असं कधी विचारत नसत. ते विचारत, "करंट आहे का तुमच्याकडं?" लग्नाच्या पंगतीत विचारत, भाजीच्या गाडीपाशी विचारत. एकदा आमच्या नात्यातल्या एका दहाव्याला आले, हात जोडून जरा वेळ बसले, आणि उठताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "विद्यानगरात करंट गेला नाही ना?" आता आम्ही दोघंही विद्यानगरातलेच, भिंतीला भिंत लागून घरं. मी तिथं दहाव्याला बसलेली असताना माझ्या घरच्या करंटचं मला कसं कळावं? पण हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

त्या वर्षांत हुबळीत करंट जायचाही फार. बाकी लोक कपाळाला हात लावून गप्प बसत. अण्णा मात्र धोतराचा सोगा वर खोचून रस्त्यावर येत आणि खांबाकडं बघत उभे राहत. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. टेबलावरची फाइल न हलवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, असं त्यांच्याच कचेरीतले लोक सांगायचे. असा माणूस निवृत्तीनंतर करंटमागं धावायला लागला, त्याचं कारण म्हणजे त्यांचा सर्व्हर.

मुलगा इंजिनिअरिंगला असताना घेतलेला तो कॉम्प्युटर. मुलगा अमेरिकेला गेला आणि जाताना म्हणून गेला, "बाबा, तो डबडा भंगारात देऊन टाका." अण्णांनी दिला नाही. पुढं त्यांनी तो बाहेर काढला, तेव्हा मुलगा तिकडून फोनवर एकेक गोष्ट सांगायचा आणि अण्णा इकडून ओरडायचे, "हं, दाबलं! हं, सगळं काळं झालं! आता काय करू?" भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यातलं निम्मं मलाही यायला लागलं.

शेवटी कोठीच्या खोलीत, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर ते धूड बसलं. तापतं म्हणून त्याची एक बाजू उघडीच ठेवलेली. तिथून निघालेल्या वायरी झरोक्यांमधून सगळ्या घरभर गेल्या होत्या. सोप्यात स्पीकर, स्वैपाकघरात स्पीकर, माजघरात स्पीकर, मागं धुणं धुवायच्या दगडापाशीसुद्धा एक, प्लॅस्टिकची पिशवी बांधलेला. सोप्यातल्या टीव्हीवर घरचे जुने फोटो एकामागून एक येत राहायचे. घरातल्या बटणांवर अण्णांनी काळी चिकटपट्टी मारून ठेवली होती. कुणी पंखा लावायला हात पुढं केला की, "हात लावायचा नाही! काय पाहिजे ते मला सांगायचं."

"याला सर्व्हर म्हणतात," ते मला म्हणाले. "घरात कुठंही जा, तेच ऐकू येतं."

"पण तेच कशाला ऐकायचं, अण्णा?"

"इरली बिडरी," असं म्हणून ते वायर नीट करायला लागले. राहू द्या हो, असं कानडीत म्हणून विषय मिटवायची त्यांची सवयच होती.

आणि ऐकायचं तरी काय? आमच्याकडं धारवाडच्या बाजूला गाण्याचे दर्दी गल्लोगल्ली. अण्णांच्या घरी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घातल्यात असं कळल्यावर एक निवृत्त वकीलसाहेब, डोळे मिटून ऐकायची तयारी करून, मुद्दाम आले. ऐकू काय आलं, तर एक बेसूर पेटी, दहाबारा माणसांचं वेडंवाकडं भजन, मागं कसल्या तरी यंत्राची धडधड, कुणाचा तरी खोकला. मधेच "मुंद बर्री, कूड्री कूड्री" अशी या-बसा. आणि सगळ्यांच्या वर एका म्हाताऱ्याची खणखणीत हाक, "इंदू, पाणी आण ग!"

त्यासरशी आतून इंदूअक्का, म्हणजे अण्णांच्या बायको, "आणते हं" म्हणत तांब्या-भांडं घेऊन आल्या. अण्णांनी ते पाणी घटाघट पिऊन टाकलं. थोड्या वेळानं तीच फीत पुन्हा, तीच हाक, तोच तांब्या. अण्णा पुन्हा प्याले. वकीलसाहेब टोपी घालून निघून गेले आणि गल्लीभर सांगत सुटले की गोविंदरावांना साखरेचा विकार दिसतोय, तहान फार लागते.

मी हसले नाही, कारण तोवर मला ठाऊक झालं होतं. अक्का विसरायला लागल्या होत्या. आधी मीठ विसरलं, मग महिना, मग घर. रोज दुपार झाली की हातात पिशवी घ्यायच्या आणि दाराकडं निघायच्या. "येते हं. आमच्या घरी वाट बघत असतील." घर म्हणजे धारवाडचं माहेर. पुढच्या खोलीत वडिलांचा छोटा छापखाना, मागं बिऱ्हाड, दर गुरुवारी भजन. ते वडील, सगळ्यांचे अप्पा, वारले त्याला कैक वर्षं झाली होती. घर विकलं गेलं, तिथं अपार्टमेंट उभं राहिलं. भावानं हौसेनं भरलेल्या गुरुवारच्या कॅसेटी तेवढ्या एका बिस्किटाच्या डब्यातून अक्कांकडं आल्या होत्या.

एका दुपारी अण्णांचा जरा डोळा लागला, तेवढ्यात अक्का निघून गेल्या. उणकलचं तळं मागं टाकून, अनवाणी, धारवाडच्या रस्त्यानं चालत होत्या, बाजूनं ट्रक चाललेले. एका रिक्षावाल्यानं ओळखून घरी आणलं म्हणून बरं. त्या संध्याकाळी अण्णांनी पहिल्यांदा कॅसेट लावली आणि अक्का पिशवी खाली ठेवून खाली बसल्या. अप्पांचा आवाज येतोय म्हणजे आपण घरीच आहोत, मग जायचं कुठं?

पण दिवसभर वाजवल्यावर कॅसेटची फीत अडकते, तुटते. आणि आवाज नुसता सोप्यात असला की अक्का स्वैपाकघरात जायच्या, तिथं ऐकू यायचं नाही, की पुन्हा पिशवी. म्हणून तो भंगारातला कॉम्प्युटर, म्हणून खोलीखोलीत वायर, म्हणून करंट. आवाज थांबला की अक्का रस्त्यावर, एवढं साधं होतं ते.

खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. स्कूटर धुवायची, मिक्सरला कुंकू लावायचं, सगळ्यांना हार घालायचे आणि दिवसभर वापरायचं नाही. गल्लीतल्यांनी अण्णांना छेडलंच, "काय अण्णा, आज तरी सर्व्हरला सुट्टी द्या." अण्णा म्हणाले, "चालू यंत्राची पूजा केली तर देवी काय फाशी देणार नाही." त्यांनी जपूनच सर्व्हरला कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले.

मी चिरोटे घेऊन गेले होते. आम्ही कोठीच्या दाराशी बोलत उभे होतो, तेवढ्यात अक्का आल्या. नवी इरकल नेसलेल्या, हातात शेवंतीचा हार. "अगबाई, अप्पांच्या यंत्राला हार नाही घातलात?" म्हणाल्या, आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत त्यांनी तो हार उघड्या बाजूनं आत सोडला. लहानपणापासून छापखान्यात त्याच घालत आल्या होत्या की. आतल्या पंख्यानं दोरा ओढून घेतला, खर्र आवाज झाला, पेटीचा सूर लांबला आणि तुटला. घर एकदम गप्प झालं.

अण्णा गुडघ्यावर बसून पाकळ्या काढायला लागले. अक्का इकडंतिकडं बघत होत्या. मग त्यांची नजर अण्णांवर येऊन थांबली.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती वाळलात हो तुम्ही."

त्यांच्या तोंडून "अहो" ऐकून किती काळ झाला होता! मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. अण्णांनी पाकळ्या खाली टाकल्या आणि अक्कांचा हात दोन्ही हातांत धरला.

"वय झालं ग आता."

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

अक्कांनी त्यांच्या शर्टाची गुंडी नीट लावली. मग दाराकडं बघितलं. "अप्पांचा आवाज नाही यायला लागला." अक्का अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "गेले नव्हं का अप्पा?" एवढं म्हणून त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि आत्ताच निरोप आल्यासारख्या मोठ्यानं रडायला लागल्या.

"तुमची हेअरपिन द्या जरा," अण्णा मला म्हणाले.

ते पिनेनं दोरा सोडवायला लागले. मला राहवलं नाही. "अण्णा, असू द्या की थोडा वेळ बंद. ओळखलं त्यांनी तुम्हाला."

"ओळखते हो. करंट गेला की ओळखते." त्यांनी मान वर केली नाही. "पण मी नवरा झालो की तिचा बाप मेलेला असतो. रोज नव्यानं मेलेला. तिनं रोज असं रडायचं, आणि मी समोर बसून मला ओळखलं म्हणून खूश व्हायचं? माझ्याच्यानं नाही होत."

दोरा निघाला. अण्णांनी बटण दाबलं. पडदा उजळायला वेळ लागला, तोवर ते अक्कांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग पेटी सुरू झाली, यंत्र धडधडायला लागलं, माणसं खोकली. अक्कांचं रडणं कमी होत होत थांबलं. त्यांनी डोळे पुसले, पाठीवरचा हात बघून संकोचानं जरा सरकल्या आणि पदर सावरून उठल्या.

जवळ येऊन मला हळूच म्हणाल्या, "हे गृहस्थ रोज येतात. काही मोडलं की दुरुस्त करून देतात. गरीब स्वभाव आहे." आणि मग अण्णांकडं वळून, "अहो गृहस्थ, सणासुदीचं इथं बसलाय, तुमच्या घरी कुणी नाही का?"

अण्णा जमिनीवरच्या पाकळ्या वेचत होते.

"आहे की. बायको आहे."

"मग?"

"माहेरी गेलीय."

"कधी यायची?"

"बरं वाटतंय तिला तिथं," अण्णा म्हणाले. "राहू दे."

अक्कांना ते फार आवडलं. "असा नवरा पाहिजे बघा," त्या मला म्हणाल्या, आणि अण्णांसाठी पाट मांडायला आत गेल्या.