शार्कची कवळी

"आजोबा, तुम्हाला शार्क काढता येतो?" चिमणीने दारातूनच विचारलं आणि गोलकीपरचं हेल्मेट आजोबांच्या कामाच्या टेबलावर, दोन अर्धवट कवळ्यांच्या मधोमध आदळलं.

आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला. शार्क त्यांनी उभ्या आयुष्यात काढला नव्हता, पाहिलाही नव्हता. चाळीस वर्षं ते लोकांचे दात करत आले होते. भिंतीवरच्या फळ्यांवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे प्लास्टरमध्ये ओळीने मांडलेले होते. "दातकाका, घट्ट बसवा हं, चारचौघांत हलता कामा नये," असं प्रत्येक जण बजावून जाई, आणि आजोबांनी बसवलेला दात आजवर कुणाचा हलला नव्हता. ज्याला एवढे दात करता येतात त्याला शार्क कितीसा अवघड, असा नातीचा सरळ हिशेब होता.

"शार्क कशाला गं? फुलं काढून देतो छानपैकी."

"फुलं! आजोबा, परवा मॅच आहे माझी!"

दोन वर्षं चिमणी शाळेच्या हॉकीच्या संघात होती, पण बाकावर. गोलमध्ये उभी राहायची ती थोरली, जिला सगळ्या ताई म्हणत. ती ताई जिन्यावरून उतरताना पाय मुरगळून बसली आणि हेल्मेट चिमणीच्या डोक्यावर आलं. मात्र चिमणीचं एक गुपित होतं. ते तिने आजोबांच्या कानात सांगितलं.

"चेंडू आला ना, की माझे डोळे आपोआप मिटतात. कोचबाईंना कळलं तर परत बाक. म्हणून असं काहीतरी भयंकर काढा, की समोरच्या मुलीच आधी घाबरतील. त्या घाबरल्या की मी नाही घाबरणार."

त्या काळी हेल्मेट रंगवून देणारी दुकानं नव्हती. पांढरंफटक हेल्मेट, पुढे तारांची जाळी, ते दुधाच्या बरणीसारखं दिसे. त्याला कोण घाबरणार? आजोबांना पटलं. चिमणीने मासिकातून फाडलेलं शार्कचं चित्र पुढे केलं. जाळीच्या वर वरचे दात, हनुवटीवर खालचे, म्हणजे तिचा चेहरा बरोबर शार्कच्या जबड्यात दिसणार होता.

"वय किती?" आजोबांनी दातांच्या रंगछटांची पट्टी उचलत विचारलं.

"माझं?"

"शार्कचं. वयाप्रमाणे दातांचा रंग ठरतो."

"आजोबा! पांढरे करा की सरळ!"

"एकदम पांढरे दात खोटे दिसतात, बाळा. पस्तीस धरतो."

आजोबांनी त्याच दुपारी काम सुरू केलं. गडद निळा रंग दिला, कपाळावर लालभडक डोळे काढले, आणि चित्रातल्याप्रमाणे वेडेवाकडे, एकावर एक चढलेले दात जसेच्या तसे उतरवले. भयंकर दिसत होतं. इथेच थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती.

पण दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांची नजर वरच्या एका दातावर गेली. तो शेजारच्या दातावर रेलला होता. आजोबांनी कप खाली ठेवला. असला दात त्यांच्या हातून बाहेर जाणार? एवढा एक सरळ करू, कुणाला कळतंय, असं म्हणत त्यांनी ब्रश उचलला. तो सरळ झाल्यावर शेजारचा फारच वाकडा दिसू लागला. तो सरळ केला तर त्याच्या पलीकडचा. वरची ओळ लागली तशी खालची ओळ वरच्यावर बसेना. दात टोकदार असल्यामुळे घास चावला जाणार नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी टोकं गोल केली. मग हिरड्या बोडक्या वाटल्या, त्यांना गुलाबी रंग चढला. घट्ट बसावेत म्हणून प्रत्येक दातावर रंगाचे पाच थर दिले. आता एवढ्या सुरेख दातांवर ते लाल डोळे अगदीच विशोभित दिसत होते. आजोबांनी ते जरा बारीक केले आणि कडेला दोन सुरकुत्या काढल्या.

आजी चहाचा कप न्यायला आली आणि थबकली.

"अहो, हा हसतोय."

"हसत नाहीये. दात विचकतोय."

"दात विचकणं मला कळतं. रोज भाजीत मीठ कमी पडलं की बघते मी." आजी वाकून पाहू लागली. "आणि हा वरचा डावीकडचा दात जरा पुढे आलाय."

"असू दे. त्याने हसू जिवंत वाटतं."

"वाटणारच. तो माझा आहे."

आजोबांनी चष्मा डोळ्यांवर ओढून पाहिलं. तिचाच होता. अकरा वर्षांपूर्वी आजीची कवळी त्यांनी नऊ वेळा मोडून दहाव्यांदा मनासारखी केली होती. लग्नाच्या वेळी होता तसा तो एक दात किंचित पुढे घेतल्याखेरीज त्यांना ती आजी वाटेना. डोकं शार्क काढत होतं खरं, पण हात आपल्या ओळखीच्या वाटेनेच गेला होता.

चिमणी शाळेतून आली. तिने हेल्मेट पाहिलं. निळ्याशार चेहऱ्यावर आजी प्रसन्नपणे हसत होती.

"मी पुसून पुन्हा काढतो," आजोबा पुटपुटले.

"उद्या सकाळी मॅच आहे, आजोबा. वाळणार कधी?" चिमणीचा आवाज भरून आला. पण आजोबांच्या बोटांना लागलेला गुलाबी रंग तिने पाहिला आणि नाक पुसून म्हणाली, "दात मात्र मस्त झालेत."

त्याने आजोबांना जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी ती हेल्मेट टॉवेलात गुंडाळून मैदानावर गेली. आजोबा आणि आजी कडेच्या बाकावर बसले. टॉवेल निघाला आणि स्वतःच्याच संघातल्या मुली खिदळायला लागल्या. समोरच्या संघाची कॅप्टन हात मिळवायला आली, ती हेल्मेटकडे पाहून नकळत हसली, आणि मग आपण का हसलो म्हणून ओशाळली.

"खड्ड्यात घातलं मी पोरीला," आजोबा म्हणाले.

"थांबा जरा," आजी म्हणाली.

खेळ सुरू झाला. पहिली मुलगी चेंडू घेऊन धावत आली, हेल्मेट बघून तिला हसू फुटलं आणि चेंडू चिमणीच्या पायातल्या पॅडवर लोळत येऊन थांबला. दुसरीचंही तसंच झालं. तेव्हा त्यांचा कोच कडेवरून ओरडला, "अगं, तिच्या तोंडाकडे बघू नका! गोलकडे बघा!"

मग मात्र चेंडू येऊ लागले, सणसणीत. एक आत गेला. पुढचा चिमणीने पायाने अडवला. त्यापुढचा हाताने. आजोबांना काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते ध्यानात येईना.

"अहो, तिचे डोळे बघा," आजी म्हणाली. "उघडे आहेत."

उघडे असणारच. आपल्याला कोण कोण हसतंय, हे बघायला चिमणीने डोळे टक्क उघडे ठेवले होते. समोरच्या एकेका तोंडावर तिची नजर खिळली होती, आणि राग एवढा आला होता की डोळे मिटायचं विसरून गेले होते.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. कॅप्टनने दात ओठ खाऊन चेंडू मारला. तो जमिनीवरून उसळला आणि सरळ चिमणीच्या तोंडावर आला. ती हलली नाही. ठण्ण! चेंडू बाहेर गेला आणि उन्हात काहीतरी पांढरं चमकून गवतात पडलं.

आजीचा हात आपसूक स्वतःच्या तोंडाकडे गेला. "अगं बाई, माझा दात!"

बरोबर तोच होता. रंगाच्या पाचही थरांसकट अख्खा निघाला होता. सामना बरोबरीत सुटला आणि मुलींनी चिमणीला खांद्यावर घेतलं. एक दात पडलेला शार्क आता मारामारी करून आल्यासारखा दिसत होता, आणि कुणीही त्याला हसत नव्हतं.

आजोबा लगबगीने मैदानात शिरले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा दात पडला होता, तोही चारचौघांत. खिशात रंगाची बाटली होतीच.

"दे इकडे, आत्ता दहा मिनिटांत बसवून देतो."

"हात लावायचा नाही!" चिमणीने हेल्मेट पोटाशी धरलं. "तो मी अडवलेल्या गोलचा दात आहे."

पुढच्या सामन्यात दोन दात गेले, त्यापुढच्यात एक. हंगाम संपेस्तोवर वरचे चार आणि खालचे तीन उरले होते. ज्यांनी आयुष्यात कुणाला बोडक्या तोंडाने घराबाहेर पाठवलं नाही, त्या आजोबांना बाकावर बसून 'पड, पड' म्हणताना आजीने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

हंगाम संपला त्या आठवड्यात ताई लंगडत घरी आली. पाय अजून पुरता बरा नव्हता. तिच्या हातात नवंकोरं पांढरं हेल्मेट होतं.

"काका, मलाही दात काढून द्या ना. चिमणीसारखे."

आजोबा खुशीत आले. त्यांनी छटांची पट्टी उचलली. "वय किती धरू?"

"कितीही धरा हो," ताई म्हणाली आणि जरा लाजून पुढे सरकली. "फक्त तेवढं एक बघा, काका. सैल बसवा."