पालक सहभाग : असमाधानकारक

अमरावतीच्या एका शाळेने चौथीच्या पालकांना लेखी कळवले, की पाल्याच्या शिक्षणात पालकांचा सक्रिय सहभाग अपेक्षित असून त्याची नोंद घेतली जाईल. मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या नितेशने ही सूचना दोनदा वाचली आणि मनावर घेतली. घोटाळा तिथेच झाला.

पहिला प्रकल्प पवनचक्कीचा. नितेशची मुलगी अपेक्षा हिने पुठ्ठा कापला, चुकला, पुन्हा कापला. नितेश शेजारी बसून फक्त विचारत राहिला, "पातं काहून फिरून नाही राहिलं, सांग बरं?" तिसऱ्या दिवशी पातं फिरलं. पोरगी घरभर नाचली.

शेरा आला : "पालक सहभाग असमाधानकारक."

नितेश शाळेत गेला. वर्गशिक्षिका आरती मॅडमनी पवनचक्की दोन बोटांत धरली. "सगळीकडे डिंक आलाय. हे मुलीनं केलेलं दिसतंय."

"तिनंच केलं, मॅडम."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही काय केलंत?"

"मी बाजूले बसलो होतो."

मॅडमनी सहानुभूतीने नोंदवलं : पालक उपस्थित, परंतु निष्क्रिय.

दुसरा प्रकल्प गाविलगड किल्ल्याचा. नितेशने चार दिवस दुकान बंद ठेवलं. तट उभे राहिले, दरवाजे उघडू-मिटू लागले, तलावात छोट्या मोटारीने पाणी खेळू लागलं.

"पप्पा, मले एक बुरूज तरी करू द्या ना."

"हात नको लावू! मार्क जातीन."

अपेक्षा खेळायला निघून गेली. शेरा आला : "अपेक्षाची उल्लेखनीय प्रगती."

असे किल्ले घरोघरी झाले. तेव्हा शाळेच्या लक्षात आलं, की अभ्यास जो करतो त्याचंच मूल्यमापन होणं शैक्षणिकदृष्ट्या उचित आहे. पालकांची सहामाही जाहीर झाली. नितेशची बायको रागिणी पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडून पाढे म्हणून घेऊ लागली. पालकांसाठी शाळेतच शिकवणी वर्ग निघाले. तरीही नितेश परिसर अभ्यासात नापास झाला, आणि नियमाप्रमाणे अपेक्षाला बोलावणं गेलं.

"घरी पप्पांकडे लक्ष देत नाहीस का?" मॅडमनी विचारलं.

"ते हुशार हायेत, मॅडम," अपेक्षा म्हणाली. "पण मार्काले लय भेतात."

बाहेर बाकावर बसलेल्या नितेशने हे ऐकलं आणि मान खाली घातली. मांडीवरचं पुस्तक उघडंच होतं, म्हणून तो तेच वाचू लागला.

वार्षिक पालकसभेत मुख्याध्यापकांनी समाधान व्यक्त केलं. पालकांची प्रगती पाहता पुढील वर्षापासून विद्यार्थ्यांची उपस्थिती ऐच्छिक राहील. मुलांमुळे वर्गात व्यत्यय येतो, अशा पालकांच्याच तक्रारी होत्या. कोणाचा विरोध असल्यास हात वर करावा.

एकही हात वर गेला नाही. नितेशला क्षणभर वाटलं, करावा. पण त्याच्या एका हातात पुढच्या प्रकल्पाच्या सूर्यमालेतला शनी होता आणि दुसऱ्या हाताने तो त्याचं कडं रंगवत होता. सोडलं असतं तर रंग ओघळला असता.

तुम्ही त्या जागी असता तर हात नक्की वर केला असता, याची आम्हाला खात्री आहे. फक्त आधी ती पोराची वही खाली ठेवा.