बासरीवाचून राहिलेल्या मुखड्याची हकीकत

श्री. ज्या देवतेने आधी मौन घडविले आणि मग त्यात सुराचे पाऊल ठेविले, तीस नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी हुजुरांची आज्ञा जाहली की, आपल्या राज्यात हौशी गाणारे बहुत जाहले, ते हाडामांसाच्या वादकांच्या ताफ्यासह रंगमंची उभे राहतात, त्यांस त्यात सुख होते किंवा नाही, हे शोधून खरे असेल ते लिहावे. आज्ञा शिरी धरून सेवकाने शोध केला. ऐसेच ताफ्यासह गाऊन उतरलेल्या दंतवैद्य कुसुमावती पेंढारकर यांस पुसिले, त्या बोलिल्या, "सुख? अहो, माझे पाय जमिनीवर आहेत की नाहीत हेच मला कळेना! पण पुढच्या खेपेस माझे नाव घाला हं." यावरून निर्णय होईना. मग निरंजनपंत देवस्थळी यांचे प्रकरण डोळ्यांदेखत घडले, तेच येथे लिहितो. ते सेवकाचे शेजारी, मधली भिंत एक.

निरंजनपंत जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे राखीत. स्वभाव ऐसा भिडस्त की, कोणी हाक मारिली तर आधी मागे वळून पाहत, दुसरे कोणी निरंजन उभे आहेत काय म्हणून. परंतु गळा गोड, आणि ते घर व ही भिंत सोडून कोणास ठाऊक नाही. रोज सायंकाळी कचेरीतून येऊन आतल्या खोलीत जात आणि दार लावीत, आणि प्रजा ज्यास कॅराओके म्हणते ते आयते संगीत यंत्रावर लावून एकच गीत गात, आणि ऐसी सहा वर्षे गेली. त्या गीताचे आरंभी बासरीचे आठ सूर होते, ते सरत आले की पंतांचा श्वास आपसूक भरे आणि मुखडा उमटे. बासरीने हात धरावा आणि यांनी उंबरा ओलांडावा, ऐसा नेम पडला. पत्नी शालिनीबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटीत दाराआडून ऐकत. एके दिवशी त्या बोलिल्या, "सहा वर्षे मी दारच ऐकते आहे. एकदा समोर उभे राहून गा की. गाताना तुमचे तोंड कसे होते, ते मला बघायचे आहे." हे बोलणे पंतांचे जिव्हारी बसले आणि मग त्यांनी ताफ्याकडे आपले नाव दिले.

ताफ्याचे सरदार बापू सरवदे, ते स्वतः कीबोर्डावर बसत. तालमीचा रिवाज ऐसा की, हौशी मनुष्यास एक मुखडा आणि एक अंतरा, अधिक नाही, कारण मागे दहा जण खोळंबलेले. त्या दिवशी बासरीवाले आले नव्हते. पंतांनी भीत भीत पुसिले, "बापू, बासरी?" बापू बोलिले, "येईल हो कार्यक्रमाला. आज मनात वाजवून घ्या." पंतांनी मनात वाजविली आणि मुखडा ऐसा नेमका उचलिला की तबलजीने मान डोलविली, आणि त्या एका मानेवर पंत आठ दिवस जगले.

मग सप्तमी, भानुवासर, तिसऱ्या प्रहरी सभागृह भरले. शालिनीबाई ठेवणीतली जांभळी साडी नेसून दुसऱ्या रांगेत विराजल्या. बासरीवाले दुसऱ्या नगरीच्या मोहिमेत गुंतले, ते आलेच नाहीत. तेव्हा बापूंनी ते आठ सूर कीबोर्डावर वाजविले. सूर तेच, लय तीच, परंतु त्यात फुंकर नव्हती, आणि त्यावरून मनातली बासरीही वाजेना. पंतांनी श्वास भरिला आणि वाट पाहिली. ताफा फिरून आरंभास आला. बापू हळूच बोलिले, "घ्या, पंत." पुन्हा आठ सूर, पुन्हा श्वास, आणि पुन्हा काही नाही. "घ्या की! मुहूर्त काढायचाय का?" मागून कोणी हसले. पंतांस सर्व कळत होते, कोठे उचलावे तेही ठाऊक होते, परंतु सहा वर्षे ज्या हातास धरून ते बाहेर येत, तो हात त्या भरल्या सभेत नव्हता. तिसरा श्वास भरिला, तोही तैसाच उतरला. मग लाज राखावी म्हणून बापूंनी आपणच मुखडा उचलिला, आणि गीत सर्वांचे आवडते, म्हणून सभा गाऊ लागली, आणि टाळ्यांचा ठेका धरिला, आणि तबलजी खुलले, आणि पंत मध्यभागी माइक धरून उभे. पालखी वाजतगाजत निघावी आणि मूर्ती देव्हाऱ्यातच राहावी, तैसे जाहले.

विंगेत बापूंनी पाठीवर थाप दिली, "आजच्या सर्वांत जास्त टाळ्या तुमच्या गाण्याला पडल्या, पंत! मजा आली ना?" पंत बोलिले, "आली."

परतीचे वाटेवर सेवक दहा पावले मागे होता. शालिनीबाई बोलिल्या, "मी ऐकले हो." पंत बोलिले, "काय ऐकलेस? मी गायलोच नाही." त्या बोलिल्या, "श्वास. तीनदा घेतलात. तोंडही पाहिले."

हल्ली पंत सायंकाळी खोलीत जातात आणि यंत्र लावितात, आणि दार आता उघडेच असते. बासरी नेमल्या जागी येते, आणि शालिनीबाई लाटणे थांबवितात, आणि आठ सूर सरतात, आणि मुखड्याची जागा रिकामी वाहून जाते.

एकंदर मजकूर इतकाच की, सुख सभेस जाहले, ताफ्यास जाहले, हे सेवकाने पाहिले. ज्याचे गीत त्यास पुसिले, तर तो "आली" म्हणतो, आणि हुजुरांनी सारे राज्य पुसिले तरी हेच उत्तर येईल. त्या उत्तराखालचे सेवकास लिहवत नाही. भिंतीपलीकडे आताच बासरी वाजून सरली, लाटणे अद्याप थांबलेले आहे.