ओरिजिनल फोटो

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत धडधाकट माणसाने दिगूच्या नजरेला पडू नये. कोणी ठणठणीत दिसला की दिगू त्याला जिन्यात गाठतो आणि हळूच विचारतो, "काका, तुमचा ओरिजिनल फोटो आहे ना? मोठा पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चालत नाही, छापताना फुटतो."

दिगू जिन्याखालच्या गाळ्यात कॉम्प्युटरवर बॅनर बनवतो. वाढदिवसाचे, मंडळाचे आणि श्रद्धांजलीचे. त्यामुळे तो फोटो कशासाठी मागतोय, हे न कळण्याइतकं चाळीत कोणी भोळं नाही. परवा पाटकरकाका छान फिरून आले, दिगूने फोटोचं विचारलं आणि काका आल्या पावली बीपी तपासायला गेले.

त्याचं दुसरं वेड म्हणजे सेटिंग. कुठलीही गोष्ट आधीच कोणी ठरवून ठेवलेली असली की त्याचं डोकं फिरतं. न्हाव्याने सवयीने "नेहमीसारखे?" म्हटलं, तर हा गळ्यातल्या कापडासकट खुर्चीतून उठला. "नेहमीसारखे म्हणजे? कोणी ठरवलं? बाजूचे विचार, मागचे विचार, मग कात्री लाव!" हॉटेलात तो चहा सांगायला लागला की वेटर खुर्ची ओढून बसतो.

मला या माणसाची गंमत वाटायची. पण त्याने आमच्याकडे मोर्चा वळवला तेव्हा माझी तंतरली. आई नुकतीच आजारातून उठून पोळ्या लाटत होती. दिगू दारात येऊन म्हणाला, "काकी, तुमचा एक चांगला फोटो काढून ठेवूया?"

"मेल्या, माज्या मरणाची वाट बघतंस काय?" आईने लाटणं उगारलं.

एरवी तो पळाला असता. त्या दिवशी उंबऱ्यावरच बसला.

"काकी, माझी आई गेली तेव्हा बॅनर मीच केला. डोकं ठिकाणावर नव्हतं. छपाईची फाइल बनवताना कॉम्प्युटर काहीतरी विचारत होता, मी न वाचता ओके दाबलं. होती तीच सेटिंग लागली, लहानात लहान फाइलची. छापून आलं तर आईच्या तोंडावर नुसते चौकोन. मोरीत लाद्या बसवतात ना, तसे. तेराव्यापर्यंत गेटवर तेच. मला मान वर करून बघवलंच नाही आणि कोणी बोललंही नाही. उतरवताना पहिल्यांदा दिसलं."

आईने लाटणं खाली ठेवलं. आत जाऊन लग्नाकार्याची साडी नेसून आली आणि खुर्चीत ताठ बसली. दिगूने खिडकी उघडली, पडदा सरकवला, ट्यूबलाइट बंद केली, मोबाइलमधलं होतं नव्हतं ते सगळं बदललं. मग एकदाचा फोटो निघाला.

"आणि तुझो फोटो कोण काढता?" आईने विचारलं.

"माझा कोणाला पाहिजे, काकी? घरात मी एकटाच."

"बस हय, माज्या बाजूक." आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "काढ रे."

दिगूने खिडकीकडे पाहिलं नाही, उजेडाचं विचारलं नाही. शाळेतल्या पोरासारखा हात मांडीवर ठेवून बसला. मी फोटो काढला.

"संध्याकाळी पेनड्राइव्हवर देतो," मी म्हटलं. "ओरिजिनल."

"असू दे रे," दिगू म्हणाला. "व्हॉट्सअ‍ॅपवरच टाक. आत्ता बघायचाय."