गोल मारण्यातली जोखीम

"यंदा कप आपलाच! गणितानंच सांगितलंय," भाऊजींनी छाती फुगवून जाहीर केलं.

विमा कंपनीत जोखीम मोजण्यात भाऊजींचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कंपनीच्या फुटबॉल संघाचा कप्तान त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून अख्खा संघच त्यांना भाऊजी म्हणायचा. साहेबांनी बजावलं होतं, यंदाही हरलात तर मैदानावर पार्किंग! कप्तानाची झोप उडाली होती. त्या मैदानावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव, आणि हे बायकोलाही ठाऊक होतं.

भाऊजींनी जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघून कॉम्प्युटरवर मॉडेल उभं केलं. निष्कर्ष सरळ निघाला. गोलवर मारलेला चेंडू बहुतेक वेळा समोरच्यांकडे जातो. म्हणजे निव्वळ नुकसान! जवळच्या भिडूला दिलेला पास मात्र सुरक्षित.

"मग गोल कधी मारायचा?" कप्तानानं विचारलं.

"जोखीम शून्य झाली की."

"ती कधी होणार?"

"अरे, आधी पास तर द्या!"

महिनाभर पोरं नुसते पास देत राहिली.

अंतिम सामना बँकेच्या संघाशी होता. काय पास दिले म्हणता! चेंडू बँकवाल्यांच्या पायाला लागेना. बिचारे कमरेवर हात ठेवून बघत राहिले. एकदा तर आपला एक गडी रिकाम्या गोलसमोर उभा होता. त्यानं इमानेइतबारे चेंडू मागे दिला. भाऊजींना भरून आलं.

सामना शून्य-शून्य सुटला. पंच म्हणाले, "चला, पेनल्टी!"

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. पेनल्टीत पास कुणाला देणार? मॉडेलमध्ये हे घ्यायचंच राहिलं होतं!

पहिला गडी धावत आला आणि सवयीनं वळून त्यानं मागे कप्तानाला पास दिला. दुसऱ्यानं जवळात जवळचा माणूस शोधला. तो निघाला बँकेचा गोलकीपर. चेंडू अलगद त्याच्या हातात! "थँक्यू," तो म्हणाला. कप्तानानं मारलेला चेंडू तर कुंपणापलीकडे गेला. बँकवाल्यांनी तिन्ही गोल केले. खेळ खलास!

कप्तान गवतावर मटकन बसला. "ताईचा नवरा आहात म्हणून गप्प बसतोय, भाऊजी."

तेवढ्यात साहेब आले. "हरलात, वाईट वाटलं. पण गणित पक्कं आहे हो तुमचं! इथं जास्तीत जास्त गाड्या कशा बसतील, तेवढं सोमवारपर्यंत काढून द्या."

कप्तानानं आशेनं वर पाहिलं. आता तरी हा माणूस ठणकावून नाही म्हणेल!

भाऊजींनी घसा खाकरला. मैदानावरून एक नजर फिरवली.

"साहेब, गोलपोस्ट काढले तर आणखी चार बसतील."