मंठ्याच्या हाटेलातलं आभाळ

मंठ्यात हाटेलं लई हायेत, पण आत शिरल्यावर डोळे फाटावेत असं एकच असणार, माझं! हे मी, गोरक्षनाथ, साऱ्या गावाला छाती ठोकून सांगून राह्यल्तो. अन् तवा कामाला सुरुवातबी न्हवती!

काम दिलं आसिफाला. जुन्या जालन्याची पोरगी, हाटेलं आतून सजवायचं शिकून आल्ती. तिला म्हणलं, "बाई, गिऱ्हाईक बघतच राहिलं पाहिजे!"

"बिलकुल, काका. भिंती राहू द्या. छत माझ्याकडं द्या."

महिनाभर तिनं कुणाला आत येऊ दिलं न्हाई. उद्घाटनाच्या सकाळी दार उघडलं अन् मी उंबऱ्यातच थिजलो. वर आभाळ! काळंनिळं, खोल, त्यात हजारभर बारीक लाइटा. खिडक्यांना जाड पडदे. दिवसाढवळ्या रात! माझी बायको गोपिकाबाई पळी घेऊन धावत आली, अन् वर बघून कुजबुजायला लागली. बावीस वर्षांत तिला कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं!

अकराला लोक आले. म्होरं भिवा. सारी हयात मेंढरांमागं रानात झोपलेला माणूस. त्यानं मान वर केली अन् त्याचे डोळेच भरले.

"गोरखा, हे सप्तर्षीचं बाजलं बघ! अन् हे त्याच्यामागचे तीन चोर! एकूण एक चांदणी बराबर जागेवर हाय रे!"

तो मागं फिरला, चपला बाहेर काढून आला. त्याचं बघून सगळ्यांनी काढल्या.

"काय आणू?" मी इचारलं.

"हळू बोल."

वाढपी सूरजबी वर बघतच रस्सा वाढून राह्यल्ता. वाटी भरली, ताट भरलं, मंग इंद्रभान मास्तरांची मांडी!

"मास्तर, भाजलं का?" मी इचारलं.

"भाजलं रे. पण ती लाल चांदणी बघ!"

बाहेर चपलांचा ढीग, आत चिडीचूप. रस्त्यानं चाललेल्या बेबीनंदाला वाटलं, नवं देऊळ झालं. तिनं थेट माझ्या काउंटरवर नारळ ठेवला.

"देव कंचा हाय?"

"अक्का, हे हाटेल हाय!"

तिनं वर बघितलं. बराच येळ बघितलं. "असू दे. नारळ ऱ्हाऊ दे."

दुपारपर्यंत अकरा नारळ झाले, अन् जेवलं कुणीच न्हाई! निम्मं गाव तर फरशीवर उताणं.

"अहो, वांगी गार होऊन राह्यली! जा, जेवा म्हणा त्यांना!" गोपिकाबाई ओरडली.

मी तरातरा गेलो. भिवाला म्हणलं, "जरा सरक." अन् त्याच्याशेजारी आडवा झालो. मला उठवायला गोपिकाबाई आली, ती पळीसकट तिथंच बसली.

तेवढ्यात आसिफाचा फोन. "काका, आवडलं का लोकांना?"

"लई. पण बाई, आवाज कमी कर."

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच दारात रांग! बायामाणसं, लेकरं, म्हातारे, सगळे नटूनथटून. माझी छाती फुगली. "या, या! बसा! बोला, काय आणू?"

भिवानं मांडीवर फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा. बाकीच्यांनीबी डबे उघडले.

"जेवण घरून आणलंय. तू फकस्त पाणी दे. अन् पाय वाजवू नको."

मी पाणी दिलं. सांगायला लाज वाटती, पण चवड्यावर चालत दिलं!